धोंडाबाईचे बगळे

"कालवा म्हणे कालवा! मावळात कुठून आलाय कालवा? फसवून आणलंय आपल्याला, बघ तू."

हे माझ्या पाठीमागच्या बाकावरून आलं, आणि एवढ्या मोठ्याने आलं की दारात उभा असलेला भाजीवालासुद्धा वळून हसला. बोलणाऱ्या बाईंची पाठ माझ्या पाठीला लागलेली, मध्ये फक्त लोकलच्या बाकाची फळी. त्या पुण्याहून आलेल्या, मी तळेगावला चढलेले. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मलाही सांगायची घाई नव्हती. आपल्याबद्दल लोक काय बोलतात ते ऐकायला अशी जागा रोज मिळत नाही.

"अनघा, हळू," त्यांची बहीण म्हणाली. "कानात यंत्र बसवल्यापासून तू जास्तच ओरडायला लागलीस."

"मी नाही ओरडत, गाडी ओरडतेय. चार वर्षं किती छान शांत होती ही लोकल!"

कान्हे स्टेशन गेलं तशी मी उठले आणि त्यांच्यासमोर जाऊन नमस्कार केला. "मी उज्ज्वला. तुम्हाला फसवून आणलंय ती मीच."

बहीण लाजेने लाल झाली. अनघाताईंनी मात्र मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "मग आहे का कालवा?"

"आहे. पण कुणी खणलेला नाही."

तेवढंच सांगितलं, कारण कामशेत जवळ आलं होतं आणि आठ माणसांना पिशव्यांसकट उतरवायचं म्हणजे गाडी थांबण्याआधी अर्धी लढाई लढावी लागते. आमची सहल एका दिवसाची. कामशेतपर्यंत लोकल, तिथून मकसूदभाईंच्या जीपने पवना धरणाच्या पाण्यापर्यंत, मग होडी, होडीनंतर पिठलं-भाकरी, दुधिवऱ्याच्या खिंडीतून लोणावळा आणि संध्याकाळच्या लोकलने परत. तळेगावजवळच्या नवलाख उंबऱ्याच्या एका कंपनीत कॅन्टीनला होते मी. ते कॅन्टीन बंद झालं तेव्हा मला दोनच गोष्टी येत होत्या. शंभर माणसांना वेळेवर जेवू घालणं, आणि शंभर माणसांची कुरकुर हसून ऐकणं. सहल काढायला याहून जास्त काही लागत नाही, असं मला त्या वेळी वाटलं होतं.

स्टेशनबाहेर मकसूदभाई जीप पुसत उभे होते. सगळे आत बसल्यावर मी पुढे त्यांच्या शेजारी बसले. कामशेतचा बाजार मागे पडला तसे ते हळूच म्हणाले, "ताई, आज बोलायचं ठरलंय."

"माहितीये."

"मागच्या वेळी पण माहीत होतं तुला."

"मग तुम्ही बोला ना, मकसूदभाई. तुम्ही तर त्यांच्या अंगणात वाढलात."

"म्हणूनच नाही बोलता येत. पोहायला त्यांनी शिकवलं मला. कमरेला दोर बांधून विहिरीत ढकललं होतं. त्या माणसाला मी काय सांगू, की आबा, आता तुम्ही काठावर बसा?"

मागून गौरव नावाचा चिंचवडचा मुलगा बायकोला तिकोना किल्ला दाखवत होता. तो तुंग होता. मी दुरुस्त केलं नाही, माझं डोकं जागेवर नव्हतं.

न बोललेली गोष्ट अशी होती. आमच्या होडीचे मालक भिमाजीआबा यांना दिसत नव्हतं.

अगदीच नाही असं नाही. उजेड कळायचा, माणूस आहे की झाड आहे एवढं कळायचं. पण दोन्ही बुबुळांवर दुधावरच्या सायीसारखा पांढरा पडदा आला होता, आणि समोर उभं राहून बोलणाऱ्या कुणालाही तो दिसायचा. मोतीबिंदू. गावातल्या आशा सेविकेने दोनदा निरोप धाडला की घेऊन या, तासाभराचं काम आहे. आबा दोन्ही वेळा रानात निघून गेले. त्यांच्या थोरल्या भावाने फार उशिरा, पार अंधार झाल्यावर ऑपरेशन करून घेतलं होतं, त्याचा काही उपयोग झाला नव्हता. आबांनी त्यातून एवढाच अर्थ काढला की दवाखान्यात गेलं की डोळे जातात.

आणि डोळे गेले तर होडी जाणार. ही होडी म्हणजे आबांचं सगळं होतं. धरण झालं तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. गाव पाण्यात गेलं, त्याबरोबर गावाकडे जाणारा गाडीरस्ताही गेला. तो रस्ता दोन उंच बांधांच्या मधून गेलेला, किलोमीटरभर लांब. पाऊस संपून धरण भरलं की पाणी त्या रस्त्यात शिरतं आणि होळीपर्यंत राहतं. दोन्ही अंगांना करंज, उंबर, जांभूळ, वरून फांद्या एकमेकींत गेलेल्या, खाली हिरवं पाणी. तोच आमचा कालवा. ज्या वाटेवर लहानपणी बैलगाडीच्या मागे लोंबकळत जायचे, त्याच वाटेवरून आबा आता पुण्याची माणसं बांबूने होडी रेटत नेतात. इंजिन नको म्हणतात. इंजिनाला रस्ता कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

रस्ता त्यांना पाठच होता. अडचण नव्या गोष्टींची होती. कुणी जाळं लावलं, एखादं झाड कोसळलं, की आबांना कळायला मार्ग नाही. त्यावर धोंडाबाईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, तोड काढली. ती होडीच्या तोंडाशी बसायला लागली आणि पाहुण्यांना पक्षी दाखवायला लागली.

"पाव्हनं, डाव्या अंगाला बगळा बगा, बगळा!" की सगळे डावीकडे बघायचे आणि होडी उजवीकडे सरकायची. "खंड्या हाय बगा उजवीकडं" म्हणजे उजवीकडे जाळं. आणि "मोर" म्हणजे थांबा.

मला हे समजायला एक हंगाम लागला. मागच्या दिवाळीत एका बाईंनी मला विचारलं, "एवढे बगळे दाखवले आजींनी, मला एकही कसा दिसला नाही?" मी म्हटलं, उडाले असतील. दुसऱ्या फेरीला मी नीट बघितलं. जिथे बगळा सांगितला तिथे पाण्यात जांभळाचं खोड होतं. आबांचा बांबू लगेच फिरला. मी धोंडाबाईकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं, आणि पुढचा बगळा दाखवला.

नंतर चुलीपाशी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "आमी यावर कंदी बोललो न्हाई, उज्ज्वला. त्ये मला काय म्हनलं न्हाईत, मी त्यांना काय म्हनले न्हाई. एक दिस मी बगळा म्हनले, होडी वळली. झालं."

"आणि काही झालं तर?"

"तर तू जाकिटं घालतीस की समद्यांना."

घालते. जॅकेट घातल्याशिवाय मी कुणालाही होडीत पाय ठेवू देत नाही. कालव्यातलं पाणी छातीएवढंच आहे आणि काठ दोन्हीकडे हाताच्या अंतरावर. हे सगळं मी रात्री अंथरुणात स्वतःला पुन्हा पुन्हा सांगायचे, पण झोप यायची नाही. मी बोलले असते तर आबा होडी सोडणार आणि माझी सहल संपणार. नाही बोलले तर माझ्या भरवशावर आलेली आठ माणसं, ज्याला दिसत नाही अशा माणसाच्या हातात. मी दर वेळी म्हणायचे, ही फेरी होऊ दे, मग बोलते.

धक्क्यावर आबा उभेच होते. पांढरा सदरा, डोक्याला फडकं, हातात बांबू. "या, या," म्हणाले, "आज पानी लय निवळ हाय." हे ते रोज म्हणत.

मकसूदभाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि जीप घेऊन रस्त्याने पलीकडच्या टोकाला गेले, होडी पोचली की सगळ्यांना घ्यायला. मी केशरी जॅकेटांचे पट्टे आवळले. धोंडाबाई पुढे, मधे पाहुणे, त्यांच्यामागे मी, आणि सगळ्यात मागे आबा. शेपटाची ती जागा आणि तो बांबू आबांनी आजवर कुणाला दिला नव्हता. मकसूदभाईंनी एकदा मागितला तर म्हणाले, तुजी जीप दे, मी चालवतो.

होडी फांद्यांच्या खाली शिरली आणि आठही जण एकदम गप्प झाले. दर वेळी होतात. ऊन वरून ठिपके ठिपके होऊन पडतं, पाणी त्याखाली हलतं, आणि बांधावरच्या जुन्या दगडी पायऱ्या सरळ पाण्यात उतरत जातात. अनघाताईंनी मागे वळून मला म्हटलं, "बरं, आहे कालवा." ही त्यांची माफी होती.

"डाव्या अंगाला बगळा बगा, पाव्हनं!" धोंडाबाई सुरू झाली.

"कुठे? कुठे?" गौरवने मोबाइल वर केला.

"उडाला."

होडी हलकेच उजवीकडे गेली. "आजी, भारी कॉमेंट्री करता तुम्ही," गौरव म्हणाला.

"आमाला काय येतंय बाबा. उजवीकडं खंड्या हाय."

असं निम्मं अंतर गेलं. मग अनघाताईंनी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"आजी, एक विनंती आहे. रागावू नका." आवाज या वेळी खाली होता. "चार वर्षं मला नीट ऐकू येत नव्हतं. मागच्या महिन्यात हे यंत्र लावलं. मला पाण्याचा आवाज ऐकायचाय. दहाच मिनिटं सगळे गप्प बसूया का?"

असं मागितल्यावर नाही कोण म्हणणार? गौरवने मोबाइल खिशात घातला. त्याची बायको डोळे मिटून बसली. धोंडाबाईने मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते फक्त मला वाचता येत होतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या क्षणी बोलायचं तर खरंच बोलावं लागलं असतं.

सगळं शांत झालं. बांबूवरून पाणी निथळत होतं, टप, टप. अनघाताईंच्या डोळ्यात पाणी आलं. मला मात्र पुढचं वळण दिसत होतं. आठ दिवसांपूर्वी बांधावर पर्यटकांसाठी तंबू लावणाऱ्यांनी तिथे पिंपांचा तराफा आणून बांधला होता, निळ्या प्लास्टिकच्या पिंपांचा, कालव्याच्या पार मध्यापर्यंत आलेला. आबांच्या पाठांतरात तो नव्हता.

धोंडाबाई खोकली. एकदा. मग दोनदा. अनघाताईंच्या बहिणीने पर्समधून खोकल्याची गोळी काढली आणि पुढे सरकवली. धोंडाबाईने ती घेतली, तोंडात टाकली आणि गोळीसकट आणखी जोरात खोकली. मागे आबांचा बांबू एक क्षण थांबला. त्यांना काहीतरी कळत होतं, पण काय ते कळत नव्हतं. खोकल्याचं काही ठरलेलंच नव्हतं. बांबू पुन्हा खाली गेला, होडी सरळ पुढे.

मी वळून म्हणाले, "आबा—"

त्याच वेळी धोंडाबाई किंचाळली, "मोर! अवो, मोर! मोर!"

आणि आठही माणसं, मिटलेले डोळे उघडून, मोबाइल काढून, मोर बघायला एकाच बाजूला वाकली.

होडी तिरकी झाली, पाण्याची एक लाट आत आली आणि धाडकन तोंड पिंपांवर आपटलं. गौरवची बायको माझ्या मांडीवर पडली. कुणाची तरी डब्याची पिशवी पाण्यात गेली आणि ऐटीत तरंगायला लागली. मग सगळं थांबलं. होडीचं नाक दोन पिंपांच्या मध्ये पाचरीसारखं बसलं होतं.

"लागलं का कुणाला?" मी एकेकाच्या हाता-पायांना हात लावून बघितलं. कुणाला लागलं नव्हतं. नुसती भिजली होती.

"मोर कुठाय?" अनघाताईंनी विचारलं.

मग सगळे एकदम बोलायला लागले.

"ऊन डोळ्यावर आलं असेल आबांच्या," गौरव म्हणाला.

"पानी उतरलंय औंदा," धोंडाबाई म्हणाली.

"काल संध्याकाळी आणून ठेवला असणार हा तराफा," मी म्हणाले. मागच्याच फेरीला मी तो बघितला होता. खोटं बोलताना माझा आवाज कॅन्टीनमधल्यासारखा गोड झाला, आणि मला माझीच किळस आली.

आबा बांबू छातीशी धरून उभे होते, मान थोडी तिरकी, ऐकणाऱ्या माणसाची असते तशी.

अनघाताई त्यांच्याकडे बघत होत्या. मग पुढे धोंडाबाईकडे बघितलं, मग माझ्याकडे. हुशार बाई. मला वाटलं आता ही बोलणार, आणि खरं सांगते, मला बरंच वाटलं. पण त्या भलतंच बोलल्या.

"माझी ही बहीण आहे ना, ती चार वर्षं माझ्या आधी बोलायची. भाजीवाला काय म्हणाला, डॉक्टर काय म्हणाले, ती परत म्हणायची. जणू तिलाच सवय आहे दोनदा बोलायची. मी म्हणायचे, किती बडबड करते ही! आम्ही दोघी एकमेकींना काही बोललो नाही. यंत्र लावायला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, चार वर्षं कुठे होतात? मी म्हटलं, घरीच होते."

बहिणीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आणि ही आता मला म्हणते, तू हल्ली बोलतच नाहीस."

एक-दोघं हसले. आबा हसले नाहीत, पण त्यांनी मान त्या आवाजाकडे वळवली.

मग म्हणाले, "धोंडे, हिकडं ये."

धोंडाबाई उठली. माणसांच्या खांद्यांना धरत, जॅकेटांवरून पाय टाकत शेपटाकडे आली. मी सरकून जागा दिली. आबांनी बांबू तिच्या हातात दिला. ती त्याच्याकडे असं बघत राहिली जणू कुणी तिच्या हातात साप दिलाय.

"मला कुटं येतंय?"

"तुला समदं येतंय. बांबू खाली सोड. लागला दगड? जुन्या रस्त्याच्या मोरीचा हाय त्यो. त्येच्यावर टेकव आन् मागं रेट. अंगाने न्हाई, पायाने. पाय फाकव."

"लोक बघत्यात."

"बघू दे. रेट."

तिने रेटलं. काही झालं नाही. "घाबरू नको. गाडीचं चाक चिखलात बसल्यावर रेटायचीस तसं," आबा म्हणाले. गौरवने आणि मी पुढे जाऊन पिंपांना हाताने ढकललं, तिने पुन्हा जोर लावला, आणि होडीचं नाक कुरकुरत मोकळं झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धोंडाबाईने पदर खोचला.

पुढचं अंतर बांबू तिच्याच हातात राहिला. आबा तिच्या पायाशी बसले आणि काठावर हात ठेवून तळाचा रस्ता सांगत गेले. हितं चढ लागंल. हितं खड्डा हाय, बांबू खोल जाईल, धरून ऱ्हा. वरचं तिला दिसत होतं, खालचं त्यांना ठाऊक होतं. होडी जरा झिंगल्यासारखी चालली, दोनदा बांधाला घासली, पण चालली. मधेच एक खराखुरा खंड्या पाण्यावरून निळा चर्रकन गेला. या वेळी अनघाताईच ओरडल्या, "ऐकलंत? पंखांचा आवाज आला मला!"

दुसऱ्या टोकाला मकसूदभाई पाण्यापर्यंत उतरून आले होते. वाऱ्याबरोबर तरंगत पुढे आलेली डब्याची पिशवी त्यांच्या हातात होती, आणि शेपटाला धोंडाबाई बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"आबा! काय झालं? तुम्ही बसलात का? बरं नाही का?"

"काय न्हाई रे, वाईच—" धोंडाबाई म्हणाली.

"तो तराफा मधे आला," गौरव म्हणाला.

"ऊन होतं, मकसूदभाई," मी म्हणाले. म्हणाले आणि थांबले. एवढं होऊनही माझी जीभ त्याच वाटेने गेली होती.

आबांनी हात वर केला. काठावर हात टेकून ते उठले, मकसूदभाईंनी पुढे होऊन दंड धरला. तो त्यांनी झटकला नाही. पाण्यात एक पाय, काठावर एक पाय, असे उभे राहिले.

"मकसूद, उद्या तुजी जीप मोकळी हाय का?"

"आहे, आबा."

"मग मला डोळ्याच्या डाक्टरकडं घेऊन चल. धोंडी येईल संगं, होडी येक दिस बांधून ठिवू." त्यांनी होडीतल्या आमच्या सगळ्यांकडे तोंड फिरवलं, जरासं चुकीच्या बाजूला, उंबराच्या दिशेने. "पाव्हनं, राग मानू नगा. ऊन न्हवतं आन् तराफ्याची बी चूक न्हाई. मला दिसत न्हाई."